'अकिरा' (१९८८): वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या छोट्या फिल्म मंडळात कात्सुहिरो ओतोमोचा 'अकिरा' दाखवला की पुढचे आठ दिवस माझा फोन वाजत राहतो. काही प्रश्न दरवर्षी तेच असतात, काही अगदी अडचणीत टाकणारे. ते सगळे इथे एकत्र केले आहेत. ज्यांनी चित्रपट अजून पाहिलेला नाही त्यांनी प्रश्न १२ पर्यंत निर्धास्त वाचावं. प्रश्न १३ आणि १४ मध्ये शेवट फोडला आहे, आणि अगदी शेवटच्या उत्तरातही थोडा.

१. 'अकिरा' म्हणजे सोनाक्षी सिन्हाचा तो मारधाडीचा सिनेमा ना?

नाही. तो २०१६ चा हिंदी चित्रपट, एका तमिळ चित्रपटावर बेतलेला. नाव सोडलं तर दोघांचा काही संबंध नाही. दिग्दर्शक अकिरा कुरोसावांशीही नाही. अकिरा हे जपानमध्ये अगदी घरोघरी आढळणारं नाव आहे. आपण बोलतोय तो १६ जुलै १९८८ ला जपानमध्ये प्रदर्शित झालेला १२४ मिनिटांचा ॲनिमेशनपट. ओतोमोने तो स्वतःच्याच मांगावरून, म्हणजे जपानी चित्रकथेवरून केला.

२. गोष्ट काय आहे? रहस्य न फोडता सांगा.

१९८८ साली एका प्रचंड स्फोटात तोक्यो नष्ट होतं आणि तिसरं महायुद्ध पेटतं. एकतीस वर्षांनी, २०१९ मध्ये, खाडीत भराव घालून उभारलेलं निओ-तोक्यो झगमगतंय आणि आतून सडतंय. रस्त्यावर मोर्चे, अश्रुधूर, बाबा-बुवांचे पंथ, आणि शाळेतून हाकलायच्या बेतात असलेली पोरं मोटारसायकलींवर एकमेकांची डोकी फोडताहेत. त्यांच्या एका टोळीचा म्होरक्या कानेदा, आणि लहानपणापासून त्याच्या सावलीत वाढलेला तेत्सुओ. एका रात्री तेत्सुओची गाडी एका विचित्र मुलावर आदळते. मूल लहान, चेहरा म्हाताऱ्याचा. तिथून तेत्सुओच्या डोक्यात एक शक्ती जागी होते आणि लष्कर त्याला उचलून नेतं. बाकीचं पडद्यावर पाहा.

३. इतक्या वर्षांनी अजून लोक याचंच नाव का घेतात? त्यात एवढं काय आहे?

पैसा, माणसं आणि वेळ, तिन्ही एका जागी आले. ॲनिमेशन तोक्यो मूव्ही शिन्शा या स्टुडिओत झालं, पण एकट्या कंपनीला खर्च झेपणारा नव्हता. म्हणून प्रकाशक, वितरक, स्टुडिओ अशा अनेकांनी मिळून 'अकिरा समिती' काढली. त्या काळच्या सर्वांत महागड्या जपानी ॲनिमेशनपटांत तो मोजला जातो.

तो पैसा कुठे गेला हे पडद्यावर दिसतं. निओ-तोक्योच्या इमारतींना खिडक्या आहेत आणि प्रत्येक खिडकीत वेगळा उजेड आहे. काच फुटते तेव्हा तुकडे एकेक करून पडतात. धूर वळतो, पसरतो, विरतो. टीव्हीच्या ॲनिमेमध्ये, म्हणजे जपानी ॲनिमेशनमध्ये, पार्श्वभूमी स्थिर ठेवून फक्त तोंड हलवायची काटकसर चालायची (ती का, हे प्रश्न ४ मध्ये). इथे गर्दीतला मागचा माणूसही आपल्या कामाला निघालेला दिसतो.

आणि रंग. चित्रपटाचा बराचसा भाग रात्री घडतो. रात्र म्हणजे निळा रंग फासायचा, अशी सोपी रीत होती. ओतोमोच्या मंडळींनी रात्रीत लाल, हिरवा, गंजका तपकिरी, निऑनचा गुलाबी ओतला. एकूण ३२७ रंग वापरले आणि त्यांतले ५० खास या चित्रपटासाठी तयार केले, असा आकडा नेहमी दिला जातो. आकडा विसरलात तरी चालेल. मोटारसायकलीच्या मागच्या दिव्याची लाल रेघ अंधारात लांबत जाते आणि क्षणभर तशीच राहते, ती नाही विसरता येत.

४. दर सेकंदाला २४ चित्रं, सगळी हाताने काढलेली, हे खरं का?

हाताने काढलेली, हे खरं. सरसकट २४, ही दंतकथा.

हिशेब सोपा आहे. १२४ मिनिटं म्हणजे ७,४४० सेकंद. त्याला २४ ने गुणलं की १,७८,५६० फ्रेम होतात. चित्रपटासाठी सुमारे १,६०,००० सेल, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकच्या तावावरची चित्रं, वापरल्याचं सांगितलं जातं. एका फ्रेममध्ये अनेकदा दोन-तीन सेल एकावर एक ठेवलेले असतात. म्हणजे प्रत्येक फ्रेमला नवं चित्र असणं शक्यच नाही. बहुतेक ठिकाणी एक चित्र दोन फ्रेम टिकतं, आणि गरज पडेल तिथे एकाच फ्रेमला एक. टीव्ही मालिकांत तेच चित्र तीन किंवा त्याहून जास्त फ्रेम चालवून पैसे वाचवत. फरक कळायला एवढं पुरे.

खरी चैन वेगळीच होती. जपानमध्ये आधी चित्रं होतात आणि मग कलाकार त्यावर आवाज भरतात. इथे बरेचसे संवाद आधी ध्वनिमुद्रित केले आणि ओठ त्या उच्चारांप्रमाणे काढले. म्हणून 'आ' म्हणताना तोंड 'आ' सारखंच उघडतं. संगणकाचा वापर अगदी थोडा. प्रयोगशाळेत तेत्सुओच्या शक्तीची आकृती दाखवणारं यंत्र आहे, ती आकृती संगणकावरची.

५. ते संगीत कसलं आहे? अंगावर काटा येतो.

गेइनोह यामाशिरोगुमी नावाच्या समूहाचं. त्याचे प्रमुख संगीतकार म्हणून शोजी यामाशिरो, आणि शास्त्रज्ञ म्हणून त्सुतोमू ओहाशी. माणूस एकच. त्यांचा १९८६ चा एक अल्बम ऐकून ओतोमोने त्यांना गाठलं.

सुरुवातीच्या गाड्यांच्या पाठलागात जी बांबूची घुमणारी वाद्यं वाजतात ती बालीच्या जेगोग परंपरेतली. 'रास्सेरा, रास्सेरा' हा घोष उत्तर जपानमधल्या आओमोरीच्या नेबुता उत्सवातला. पुढे नोह या पारंपरिक जपानी नाट्याची गायकी येते, मंत्रपठणासारखे आवाज येतात. भविष्यातलं शहर दाखवताना सिंथेसायझर लावायचा, हा त्या काळचा सोपा रस्ता होता. इथे गावच्या जत्रेचा आरोळा येतो. विसर्जनाच्या मिरवणुकीत ताशाची तर्री छातीत उतरते, ते माहीत असलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

६. ती लाल गाडी आडवी करून थांबवायची पोज सगळीकडे का दिसते?

कारण ती काढायला मजा येते, आणि ओळखू यायला अर्धा सेकंद पुरतो. कानेदा भरधाव गाडी आडवी वळवतो, पाय टेकवतो, चाकाखालून ठिणग्या आणि धूर निघतो, आणि गाडी प्रेक्षकासमोर येऊन थांबते. अमेरिकी कार्टून मालिकांनी, जपानी ॲनिमेंनी, व्हिडिओ गेमांनी ती इतक्यांदा उचलली की आता अनेकांना मूळ माहीत नसतं. जॉर्डन पीलच्या 'नोप' (२०२२) मध्ये जिवंत अभिनेत्री तीच पोज घेते. स्पीलबर्गच्या 'रेडी प्लेअर वन' (२०१८) मध्ये तर ती गाडीच शर्यतीत धावते.

गाडीबद्दल माझी एक तक्रार आहे, ती शेवटच्या प्रश्नात.

७. 'मेट्रिक्स' याच्यावरूनच काढला ना?

अर्धवट बरोबर. वाचोव्स्कींनी ॲनिमेचं ऋण उघड मान्य केलं आहे आणि त्यात 'अकिरा'चं नावही येतं. पण 'मेट्रिक्स'चा (१९९९) थेट पूर्वज शोधायचा तर तो १९९५ चा 'घोस्ट इन द शेल'. मानेमागची जोडणी, पडद्यावरून गळणारी हिरवी अक्षरं, तिथून आली.

'अकिरा'चा थेट वारसा पाहायचा असेल तर अचानक शक्ती आलेल्या, दुखावलेल्या मुलांच्या गोष्टी पाहा. 'क्रॉनिकल' आणि 'लूपर', दोन्ही २०१२ चे, आणि दोन्हींच्या दिग्दर्शकांनी 'अकिरा'चं नाव घेतलं आहे. कान्ये वेस्टच्या 'स्ट्राँगर' (२००७) गाण्याच्या व्हिडिओत तर इस्पितळातली दृश्यं जवळजवळ जशीच्या तशी उतरवली आहेत.

८. जपानबाहेर तो पोचला कसा? तेव्हा इंटरनेट कुठे होतं?

व्हिडिओ कॅसेटवरून, आणि काही हट्टी माणसांमुळे. अमेरिकेत स्ट्रीमलाइन पिक्चर्स या लहानशा कंपनीने तो १९८९ च्या नाताळात मोजक्या चित्रपटगृहांत लावला. ब्रिटनमध्ये १९९१ च्या सुरुवातीला लंडनच्या आयसीए या कलासंस्थेत तो दाखवला गेला. त्याच्या कॅसेट इतक्या खपल्या की त्या यशावर 'मांगा' याच नावाची वितरण कंपनी उभी राहिली. ती ॲनिमे विकायची, त्यामुळे ब्रिटनमध्ये बरीच वर्षं लोक जपानी कार्टूनपटांनाच मांगा म्हणत राहिले.

याच्याही आधी चित्रकथा पोचली होती. मार्व्हलच्या एपिक शाखेने १९८८ पासून ती इंग्रजीत छापली. मूळ पानं काळी-पांढरी, ती स्टीव्ह ऑलिफने संगणकावर रंगवली. संगणकावर रंगवलेल्या पहिल्या नियमित कॉमिक्सपैकी ती एक. पुढे सगळा अमेरिकी कॉमिक व्यवसाय त्याच वाटेने गेला. 'अकिरा'च्या प्रभावाची ही बाजू फारशी कोणी सांगत नाही.

९. मग जपानमध्ये सगळे असेच चित्रपट काढायला लागले असतील?

नाही, आणि इथेच लोक चकतात. एवढा खर्च पुन्हा कोण करणार? त्याच वर्षी एप्रिलमध्ये घिब्ली स्टुडिओचे 'माझा शेजारी तोतोरो' आणि 'काजव्यांचं थडगं' आले होते. जपानी घराघरात तोतोरो गेला, तेत्सुओ नाही.

जपानमधला परिणाम माणसांमधून झिरपला. सातोशी कोन तरुणपणी ओतोमोच्या मांगाच्या कामात हाताखाली होता. पुढे त्याने ओतोमोच्या 'मेमरीज'मधल्या (१९९५) पहिल्या भागाची पटकथा लिहिली आणि १९९७ ला 'परफेक्ट ब्लू' केला. बशीएवढे डोळे टाळून खऱ्या जपानी चेहऱ्याची माणसं काढायची, इमारत काढायची तर तिची वायरिंग ठाऊक असल्यासारखी काढायची, ही ओतोमोची शिस्त. २०१५ मध्ये फ्रान्समधल्या आंगुलेम कॉमिक महोत्सवाचा सर्वोच्च सन्मान त्याला मिळाला. तो मिळवणारा तो पहिला मांगाकार. ओतोमो स्वतः फ्रेंच चित्रकार मोबियसचा चाहता, तेव्हा एक फेरी पूर्ण झाली म्हणायची.

१०. २०२० चं ऑलिंपिक रद्द होणार हे यात आधीच सांगितलं होतं म्हणे?

हा फॉरवर्ड मला किमान वीस जणांनी पाठवला आहे. चित्रपटात निओ-तोक्यो २०२० च्या ऑलिंपिकची तयारी करतंय, हे खरं. 'ऑलिंपिकला १४७ दिवस' असा फलक आहे आणि खाली कोणीतरी 'रद्द करा, रद्द!' असं खरडलं आहे, हेही खरं. खऱ्या तोक्योला २०२० चं यजमानपद मिळालं २०१३ मध्ये. उद्घाटनाला बरोबर १४७ दिवस उरले तो दिवस होता २८ फेब्रुवारी २०२०. करोना पसरत होता आणि जपानमध्ये त्या दिवशी हे चित्र सगळीकडे फिरलं. पुढच्याच महिन्यात स्पर्धा लांबणीवर पडली. पण रद्द झाली नाही, २०२१ मध्ये झाली.

भाकीत वगैरे काही नाही. ओतोमो पुढे पाहत नव्हता, मागे पाहत होता. १९६४ चं तोक्यो ऑलिंपिक म्हणजे बेचिराख झालेलं शहर एकोणीस वर्षांत कसं उभं राहिलं, याची जगासमोर मांडलेली आरास. चित्रपटातलं शहरही राखेवर उभं राहून तेच करू पाहतंय, आणि स्टेडियमच्या खाली काय पुरलंय ते कोणाला पाहायचं नाहीये. मोठ्या स्पर्धेसाठी शहर घासूनपुसून लख्ख करायचं आणि नको ते झाकायचं, हे कुठल्याही शहरात जुळून येतं.

११. हा हिरोशिमावरचा चित्रपट आहे का?

सुरुवातीचा तो निःशब्द पांढरा गोळा पाहून दुसरं काही आठवतच नाही. ओतोमोचा जन्म १९५४ चा, मियागी प्रांतातला. म्हणजे युद्ध न पाहिलेली, पण त्याच्या ढिगाऱ्यावर वाढलेली पिढी. बॉम्ब आहेच. त्याच्या जोडीला साठीच्या दशकातल्या विद्यार्थ्यांच्या आणि पोलिसांच्या लढाया आहेत, आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला जपानी पोलिसांना हैराण करणाऱ्या बोसोझोकू या खऱ्याखुऱ्या मोटारसायकल टोळ्या आहेत. चित्रपट आल्यावर सहा महिन्यांच्या आत, जानेवारी १९८९ मध्ये, सम्राट हिरोहितो वारले आणि शोवा कालखंड संपला. मला तरी 'अकिरा' त्या कालखंडाची उलटतपासणी वाटतो.

१२. याला सायबरपंक का म्हणतात? यात कॉम्प्युटर तर दिसतच नाहीत.

हा प्रश्न विचारणाऱ्याला माझ्याकडून चहा. सायबरपंक म्हणजे पुढारलेले संगणक आणि सडलेलं शहर एकत्र दाखवणाऱ्या विज्ञानकथा. खरंच, हॅकर नाही, आभासी जग नाही, यंत्रमानव नाही. तेत्सुओचा लोखंडी हात सोडला तर शरीरात यंत्रही नाही, आणि तो हातही शक्तीने जुळवलेला. मुळात ही अतींद्रिय शक्तीची गोष्ट आहे. तरी पुढच्या सायबरपंकचं शहर इथूनच गेलं: वर निऑन, खाली गटार, मध्ये पोलीस. लेबल चिकटलं ते शहरामुळे. मांगाची सुरुवात डिसेंबर १९८२ ची. 'ब्लेड रनर' त्याच वर्षी आला होता, आणि त्याचंही कथानक २०१९ मध्येच घडतं. हा निव्वळ योगायोग.

१३. शेवट कळला नाही. (इथे रहस्य फुटतं.)

कोणालाही पहिल्या फेरीत कळत नाही, लाजू नका. तेत्सुओचं शरीर त्याच्या शक्तीला पुरं पडत नाही आणि मांसाचा लोंढा होऊन फुगतं. मग अकिरा प्रकट होतो, पांढरा गोळा सगळं गिळतो, कानेदाही आत ओढला जातो. त्याला सोडवायला लष्कराच्या गुप्त प्रयोगातली तीन म्हाताऱ्या चेहऱ्याची मुलं स्वतः आत उडी घेतात. आत कानेदाला तेत्सुओच्या लहानपणीच्या आठवणी दिसतात. अनाथालयातला पहिला दिवस, हिरावलेलं खेळणं. गोळा विरतो, शहरात समुद्र शिरतो, कानेदा वाचतो. अगदी शेवटी तेत्सुओचा आवाज येतो: 'मी तेत्सुओ.' दुसरीकडे कुठेतरी नवं विश्व सुरू झालं आहे आणि त्याची जाणीव तेत्सुओ आहे, हा सर्वमान्य अर्थ. मांगात हे असं नाही.

१४. मग अकिरा नक्की कोण? आणि मांगा वेगळा आहे का? (इथेही रहस्य फुटतं.)

चित्रपटात अकिरा हा त्या प्रयोगातला २८ क्रमांकाचा मुलगा. स्टेडियमखालच्या शीतगृहात त्याचे फक्त अवयव बरण्यांत उरलेत. मांगात तो जिवंत आहे, मधेच जागा होतो आणि निओ-तोक्यो पुन्हा उद्ध्वस्त करतो. त्यानंतरची अर्धी गोष्ट त्या भग्न शहरात घडते. मांगा संपला १९९० मध्ये, म्हणजे चित्रपटानंतर दोन वर्षांनी, आणि सहा खंडांत दोन हजारांवर पानं झाली. चित्रपटात घाई जाणवते ती त्यामुळेच. आधी चित्रपट पाहा, मग मांगा वाचा. उलट केलंत तर चित्रपटभर 'हे गाळलं, ते गाळलं' करत बसाल.

२८ हा आकडा 'तेत्सुजिन २८' या मित्सुतेरू योकोयामाच्या जुन्या महाकाय यंत्रमानवाच्या मांगाला केलेला नमस्कार आहे. कानेदा, तेत्सुओ आणि लष्करातला कर्नल शिकिशिमा ही नावंही तिथलीच.

१५. हॉलिवूड खऱ्या नटांना घेऊन काढणार होतं, त्याचं काय झालं?

वॉर्नर ब्रदर्सने २००२ मध्ये हक्क घेतले. दिग्दर्शक आले-गेले, गोष्ट न्यूयॉर्कला हलवायचा घाट घातला गेला आणि त्यावर भरपूर टीका झाली. शेवटी तायका वायतितीच्या हाती काम आलं, मे २०२१ ही तारीखही ठरली, आणि २०१९ मध्येच ते बाजूला पडलं. २०२५ मध्ये हक्क कोदान्शा या मूळ प्रकाशकाकडे परतल्याच्या बातम्या आल्या. बरंच झालं.

१६. मुलांना दाखवू का? कार्टूनच आहे ना.

दहा-बारा वर्षांच्या मुलांना नको. रक्त आहे, चिरडलेली शरीरं आहेत, एका मुलीवर टोळी हात टाकते ते दृश्य आहे. कार्टून म्हणजे लहानांचं, हा समज आपल्याकडे घट्ट आहे. गंमत अशी की नव्वदीत दूरदर्शनवर आपण ज्या मोगलीवर वाढलो, ती 'जंगल बुक' मालिकाही जपानीच होती, फक्त कोणी सांगितलं नाही. सोळा-सतरा वर्षांचं पोर असेल तर शेजारी बसून पाहा.

१७. जपानीत पाहू की इंग्रजी डबमध्ये?

जपानीत, खाली इंग्रजी अक्षरं लावून. इंग्रजी डब दोन आहेत. दुसरा, २००१ चा, बरा आहे. पण ओठांची जी मेहनत प्रश्न ४ मध्ये सांगितली ती डबमध्ये वाया जाते. शिवाय एक वाक्य हातातून निसटतं. ढिगाऱ्यात दोघं समोरासमोर येतात, तेत्सुओ नुसतं 'कानेदा!' ओरडतो, आणि कानेदा उलट ओरडतो की नावापुढे 'सान' लाव. जपानमध्ये हे वाक्य म्हणीसारखं वापरतात. मराठीत ते बिनकष्ट येतं: 'कानेदाराव म्हण, ए टकल्या!' जग बुडतंय, आणि ह्याला अहो-जाहो हवंय.

१८. तुमची ती गाडीबद्दलची तक्रार काय आहे?

की सगळ्यांनी गाडी उचलली आणि गाडीकडे बघणारा मुलगा तिथेच सोडला.

सुरुवातीला, कानेदा अजून बारमध्ये असताना, तेत्सुओ बाहेर त्याच्या लाल गाडीवर बसून तिच्या बटणांवरून हात फिरवतो. कानेदा येतो आणि हसत सांगतो, ही माझ्या हाताची आहे, तुला झेपायची नाही, हवी तर तुझी तू मिळव. मित्रांमधली साधी चेष्टा. पुढे तेत्सुओ इस्पितळातून पळतो आणि पहिलं काम काय करतो, तर तीच गाडी चोरतो, मैत्रीण काओरीला मागे बसवतो आणि शहराबाहेर निघतो. गाडी मधेच बंद पडते. विरोधी टोळी त्याला गाठते, दोघांना मारते, आणि कानेदाला येऊन सोडवावं लागतं. पुन्हा कानेदानेच.

तेत्सुओ शहर उलथवतो, रणगाडे चिरडतो, अवकाशात जाऊन उपग्रह फोडतो, पण ती गाडी त्याला एकदाही धड चालवता आलेली नाही.